शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा: सोबती रत्नागिरीला उतरल्यावर सेवा कशी वागली

मुंबई ते गोवा हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा समुद्रमार्ग साधारण २२० सागरी मैलांचा आहे. वाटेतल्या खाड्यांत आणि किल्ल्यांच्या आडोशाला नांगर टाकत, पाहुण्यांनाही सुकाणूवर बसवत हा मार्ग शिडाच्या बोटीने करून देणाऱ्या काही सेवा आता उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी एका सेवेचा हा परिचय आहे. सेवेचे नाव मी दिलेले नाही; एक तर भाड्याच्या परताव्याचा वाद अजून मिटलेला नाही, आणि दुसरे म्हणजे ज्या उणिवांविषयी लिहिणार आहे त्या जवळजवळ त्याच शब्दांत आणखी दोन सेवांच्या करारांतही मला वाचायला मिळाल्या. बोट, कप्तान, जेवण, मार्ग यांविषयी पुढे येईलच. मात्र या परिचयाचा मोठा भाग एकाच गोष्टीला दिला आहे. आम्ही दोघा मित्रांनी मिळून ही सफर घेतली होती आणि त्यातला एक जण रत्नागिरीला उतरला. तो का उतरला, त्याला कसे उतरवले गेले आणि उरलेल्या वाटेवर मागे राहिलेल्याची कशी सोय लावली गेली, यावरून या सेवेची जेवढी पारख झाली, तेवढी तिच्या माहितीपत्रकावरून किंवा पहिल्या दिवसाच्या सरबराईवरून झाली नसती.

व्यवस्था अशी होती. बोट साधारण ३० फुटी, फायबरची, एका डोलकाठीची, तरंगायला दीड मीटरच्या आसपास पाणी लागणारी. सोबत लहान डिझेल इंजिन. वर एक कप्तान, एक खलाशी आणि दोन पाहुणे. पाहुण्यांनी नुसते प्रवासी म्हणून बसून न राहता पाळ्या करायच्या, ही या सफरीची अटही होती आणि आकर्षणही तेच होते. रात्रीच्या प्रवासात चार-चार तासांची पाळी आणि प्रत्येक पाळीला दोघे, म्हणजे कप्तानाबरोबर एक पाहुणा आणि खलाशाबरोबर दुसरा. रात्री डेकवर कोणीही एकट्याने थांबायचे नाही आणि अंगावरच्या जाकिटाचा पट्टा बोटीच्या दोरीला अडकवल्याशिवाय केबिनबाहेर पाऊल ठेवायचे नाही, हे दोन नियम कप्तानाने मुंबई बंदरातून बाहेर पडण्याआधीच सांगितले आणि शेवटपर्यंत स्वतःही पाळले. भाडे माणशी नव्हते, संपूर्ण बोटीचे होते. ते आम्ही निम्मे निम्मे भरले. पुढचा सगळा वाद या निम्म्यातून निघाला.

ज्यांनी हा किनारा शिडाने केलेला नाही त्यांच्यासाठी वाऱ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय वेळापत्रकाचा दोष लक्षात येणार नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे हा समुद्र लहान बोटींना मोकळा होतो. हिवाळ्यात उत्तररात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, सकाळी उन्हे वर आली की तो पडतो, काही तास पाणी तेलासारखे गुळगुळीत राहते, आणि दुपारच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन सूर्यास्तापर्यंत वाढत जातो. दक्षिणेकडे निघालेल्या बोटीला हा वारा मागून, जरासा उजव्या अंगाने मिळतो, आणि दुपार ते संध्याकाळ हे पाच-सहा तास शिडाला खरोखर स्वर्गीय असतात. म्हणजेच ज्याला वाऱ्याच्या कलाने जायचे आहे त्याने पहाटेच्या मतलईवर निघावे, सकाळी थांबावे, दुपारी पुन्हा निघावे आणि दिवे लागायच्या आत नांगर टाकावा. आमच्या माहितीपत्रकात 'वाऱ्याच्या लयीने प्रवास' असे ठळक अक्षरांत छापले होते. प्रत्यक्षात गोव्यात ठरलेल्या तारखेला बोट पोहोचलीच पाहिजे, कारण तेथून परतीच्या सफरीचे पाहुणे चढणार, असे कार्यालयाचे गणित होते. त्यामुळे सकाळच्या शांत पाण्यात इंजिन चालवायचे आणि वेळ कमी पडेल तेथे रात्रभर चालत राहायचे, असा कार्यक्रम आखलेला होता.

पहिल्या टप्प्यात त्याचा त्रास मला झाला नाही, माझ्या मित्राला झाला. तो मूळचा किल्ले पाहणारा माणूस. कोर्लईच्या किल्ल्यावर चढून कुंडलिकेचे मुख निवांत पाहावे, राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याच्या दक्षिणेला एक संध्याकाळ काढावी, हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आतल्या, किनाऱ्याकडच्या बाजूला बोट उभी करून किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघावा, अशा यादीसह तो आला होता, आणि माहितीपत्रकातील छायाचित्रे याच ठिकाणांची असल्यामुळे त्याची अपेक्षा गैर नव्हती. हर्णैला आम्ही दिवस मावळताना पोहोचलो आणि पहाटे तीनला नांगर उचलला. सुवर्णदुर्ग त्याने अंधारात, टॉर्चच्या प्रकाशात जेवढा दिसला तेवढा पाहिला. मला स्वतःला बोट चालत राहिलेलीच आवडते. सुकाणू हातात असले की किनाऱ्यावर काय राहून गेले याची मला फारशी खंत नसते. दोन माणसांच्या आवडीतला हा फरक सफर आरक्षित करताना कोणी विचारला नाही. कार्यालयाच्या अर्जात पोहता येते का, शाकाहारी की मांसाहारी, रक्तदाब आहे का, असे सगळे प्रश्न होते. तुम्हाला पोहोचायचे आहे की थांबायचे आहे, एवढा एकच नव्हता.

दाभोळच्या पुढे, गुहागर ओलांडून जयगडकडे जाताना उत्तररात्री बोट जाळ्यात अडकली. कोकण किनाऱ्यावर रात्री चालणाऱ्या लहान बोटीला सर्वांत मोठा धोका मोठ्या जहाजांचा नसतो, कारण जहाजे दिवे लावून चालतात आणि त्यांची खूण पडद्यावर उमटते. खरा धोका अंधारात पसरलेल्या, एखाद्या काठीवर फडके बांधून सोडलेल्या जाळ्यांचा असतो. वारा पडल्यामुळे इंजिन चालू होते, सुकाणूवर माझा मित्र होता आणि शेजारी खलाशी पुढे नजर लावून बसला होता. काठी दोघांनाही दिसली नाही, आणि दिसेल अशी ती नव्हतीच. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. त्या क्षणापासून कप्तानाने जे केले ते मी या सेवेच्या जमेच्या बाजूला सर्वांत वर लिहितो. केबिनमधून बाहेर येईपर्यंतच त्याने इंजिन सुटे करायला ओरडून सांगितले होते. पुढचे लहान शीड थोडेसे उघडून त्याने बोटीचे तोंड स्थिर केले, सुकाणू मित्राच्याच हातात राहू दिले आणि 'आता हलवायचं नाही, फक्त धरून ठेवायचं' एवढेच सांगितले. नंतर कमरेला दोरी बांधून, ती खलाशाच्या हातात देऊन, दाताखाली टॉर्च आणि हातात कोयता घेऊन तो पाण्यात उतरला. इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळलेली जाळ्याची दोरी कापायला त्याला चार-पाच वेळा खाली जावे लागले. तो वर येऊन श्वास घेत असतानाच जाळेवाल्यांची बोट दिवा मारत जवळ आली.

येथे बाचाबाची होईल असे मला वाटले होते. कप्तान मूळचा मालवणकडचा, तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होता. त्याने आधी त्या बोटीवरच्या तांडेलाची विचारपूस केली, किती हात जाळे गेले ते स्वतः पाहिले, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "जाळा आमी कापला, पैसे आमीच देवक व्हये." रक्कम त्याने खिशातून दिली. कार्यालयाने ती त्याला परत करताना पुढे खळखळ केली, हे मला नंतर कळले, आणि मग करार पुन्हा वाचला तेव्हा जाळ्याच्या नुकसानीची जबाबदारी कोणाची याविषयी त्यात एक शब्दही नसल्याचे दिसले. या किनाऱ्यावर रात्री बोट चालवणाऱ्या सेवेने हे गृहीतच धरायला हवे होते.

जयगडला शास्त्री नदीच्या मुखात नांगर टाकल्यावर मित्राने आपला निर्णय सांगितला. तो घाबरला होता असे मला वाटत नाही. त्याने सुकाणू शेवटपर्यंत नीट धरले होते आणि कप्तानाने त्याचे कौतुकही केले होते. "मला समुद्राचा कंटाळा आलेला नाही, घाईचा आला आहे," असे तो म्हणाला. पुढच्या आखणीत रत्नागिरी ते मालवण हा पल्ला एका दमात, रात्रभर चालून करायचा होता, म्हणजे विजयदुर्ग त्याला पुन्हा अंधारातच दिसणार होता. कप्तानाने लगेच कार्यालयाला फोन केला आणि पुढचे पल्ले फक्त दिवसा करावेत, गोव्याला एक-दोन दिवस उशिरा पोहोचावे, असे सुचवले. उत्तर नकाराचे आले. परतीचे पाहुणे थांबणार नाहीत, असे कारण दिले गेले. कप्तानाने हे उत्तर आम्हाला जसेच्या तसे सांगितले, त्यावर स्वतःची मल्लिनाथी केली नाही, पण फोन ठेवताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मित्राने रत्नागिरीला उतरायचे ठरवले. मला पुढे जायचे होते, आणि मी जावे असा आग्रह त्याचाही होता. आमच्यात भांडण झाले नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण कार्यालयाच्या पुढच्या पत्रव्यवहारात या घटनेला 'पाहुण्यांमधील मतभेद' असे नाव मिळाले.

उतरण्यासाठी रत्नागिरी ही निवड योग्यच होती, आणि अशी सफर घेणाऱ्या प्रत्येकाने हा विचार निघण्याआधी करून ठेवावा असे मला वाटते. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत डोंगरातून धावते. हर्णैहून खेड, दाभोळहून चिपळूण, देवगडहून कणकवली, मालवणहून कुडाळ, असा प्रत्येक बंदरातून स्टेशन गाठायला घाटवळणांचा रस्ता तुडवावा लागतो, आणि जयगडहून तर आधी रत्नागिरीच गाठावी लागते. रत्नागिरीत मात्र बंदर, शहर आणि स्टेशन एकमेकांच्या आवाक्यात आहेत. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे शिकवावे लागले नसते. मुंबईहून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जायची, आणि ज्याला जेथे उतरायचे तेथे तो पडावात बसून किनाऱ्याला लागायचा. त्या प्रवासातही हाल होते आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडालेल्या 'रामदास' बोटीसारखे भीषण अपघातही झाले. पण कोणी मधल्या बंदरात उतरला म्हणून कंपनीचे गणित बिघडत नसे. किनाऱ्याने जाणाऱ्या प्रवासाची मुख्य सोयच ही आहे की जमीन कायम हाताशी असते. भर समुद्रातून जाणाऱ्या बोटीवर परतीचा रस्ता नसतो, तेथे कडक अटी समजू शकतात. प्रत्येक काही तासांवर बंदर असलेल्या किनाऱ्यावर त्याच अटी लावणाऱ्या सेवेने आपण नेमके काय विकत आहोत याचा विचार केलेला नाही, असेच म्हणावे लागते.

प्रत्यक्ष उतरवणे कप्तान आणि खलाशी यांनी उत्तम पार पाडले. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात ट्रॉलरांची एवढी दाटी होती की तेथे शिरण्यात अर्थ नव्हता, म्हणून बोट रत्नदुर्गाच्या आडोशाला उभी करून फुगवलेल्या लहान होडीतून मित्राला भगवती बंदराच्या धक्क्याला पोहोचवले. ओहोटी पुरती लागली होती आणि धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर हिरवेगार शेवाळ होते. खलाशाने आधी स्वतः उतरून पायऱ्यांवर पोत्याचे तुकडे अंथरले, बॅगा वर नेल्या आणि मग मित्राला हात दिला. निघण्यापूर्वी मित्राने आपल्या पाळीचे सामान माझ्या स्वाधीन केले होते: डोक्याला बांधायचा दिवा, दोरीने हात सोलवटू नयेत म्हणून घेतलेले चामडी मोजे, ओव्याची डबी, आणि ज्या वहीत आम्ही दोघे आलटून पालटून तासातासाची नोंद लिहीत होतो ती वही. वहीत त्याने शेवटची नोंद नांगर टाकल्याची वेळ आणि पाण्याची खोली एवढीच केली होती. कप्तानाने ती वही मागून घेतली, मागच्या पानावरचा पाळ्यांचा तक्ता पेन्सिलीने खोडला आणि बराच वेळ नवा तक्ता जुळवत बसला. तीन माणसांत रात्री प्रत्येक पाळीला दोघे, हे काही केल्या जुळत नव्हते. शेवटी त्याने वही मिटली आणि पुन्हा कार्यालयाला फोन लावला.

या फोनवर जे ठरले ते ऐकून मला हसावे की रागवावे ते कळेना. आता माणसे तीनच असल्यामुळे सुरक्षिततेच्या नियमानुसार रात्रीचा प्रवास करता येणार नाही, म्हणून पुढचे सर्व पल्ले दिवसा होतील आणि गोव्याच्या पाहुण्यांना तसे कळवले जाईल, असे कार्यालयाने मान्य केले. आदल्या दिवशी जे अशक्य होते ते मित्र धक्क्यावर उतरल्यानंतर काही तासांत शक्य झाले. तोपर्यंत तो मुंबईच्या गाडीत बसला होता. सेवेविरुद्ध माझी मुख्य तक्रार हीच आहे. वेळापत्रक सैल करता येत होते. पण ज्याच्यासाठी ते सैल करायला हवे होते तो निघून जाईपर्यंत केले गेले नाही, आणि मग 'स्वेच्छेने सफर सोडली' या कलमाखाली त्याचाच परतावा नाकारला गेला.

बदली माणसाविषयीही लिहिले पाहिजे. माहितीपत्रकात 'गरज पडल्यास कोणत्याही बंदरात अनुभवी मदतनीस' असे आश्वासन होते. रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी एक मुलगा येऊन दाखल झाला. गुणी होता, हसतमुख होता, पण त्याचा अनुभव एका पर्यटनाच्या किनाऱ्यावर पॅराशूट ओढणाऱ्या वेगवान बोटींपुरता होता. शिडाच्या बोटीवर तो पहिल्यांदाच चढत होता आणि हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. दुपारचा वारा भरात आल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या आणि विजयदुर्गला पोहोचेपर्यंत खलाशाचा अर्धा वेळ त्याची काळजी घेण्यात गेला. विजयदुर्गला कप्तानाने त्याला पोटभर जेवू घातले, हातात भाडे ठेवले आणि एसटीत बसवून परत पाठवले. त्या मुलाचा यात काहीही दोष नव्हता. ज्या कार्यालयाला शिडाची बोट आणि मोटरबोट यांतला फरक आपल्या मदतनिसाला विचारावासा वाटला नाही, त्याचा होता.

याहून गंभीर बाब प्रवासी यादीची. बोटीवर कोण कोण आहे याची यादी कार्यालयाने निघताना संबंधितांना दिली होती; रत्नागिरीला एक जण उतरला, एक चढला, विजयदुर्गला तो उतरला, आणि यांपैकी एकही बदल यादीत केला गेला नाही. पुढे एका बंदरात सागरी पोलिसांनी बोटीची तपासणी केली तेव्हा यादीत असलेला माणूस बोटीवर नव्हता. कप्तानाने वहीत स्वतःच्या हाताने केलेली नोंद आणि मित्राचे रेल्वेचे तिकीट फोनवर मागवून दाखवले तेव्हा सुटका झाली, त्यात एक संपूर्ण सकाळ गेली. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर अशी तपासणी होणारच आणि ती व्हायलाही हवी. पण सकाळ वाया गेल्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खटकते. त्या दिवसांत बोटीला काही झाले असते आणि कोणी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवले असते, तर शोध घेणाऱ्यांनी मुंबईत घरी बसलेल्या माणसालाही समुद्रात शोधले असते.

आता दक्षिणेच्या टप्प्याविषयी, जो नौकानयन म्हणून या सफरीचा सर्वोत्तम भाग ठरला. रत्नागिरी ते विजयदुर्ग साधारण २५ सागरी मैल, विजयदुर्ग ते मालवण ३० हून थोडे अधिक; दोन्ही पल्ले पहाटेच्या मतलईवर निघून दुपारच्या वाऱ्यावर संपवता येतात. सोबती असताना एक जण सुकाणूवर आणि एक जण शिडाच्या दोऱ्यांवर अशी वाटणी असायची. आता खलाशी बदलीच्या मुलात किंवा स्वयंपाकात गुंतला आणि कप्तान नकाशावर असला की दोन्ही कामे माझ्याकडे येत. येथे बोटीवरच्या स्वयंचलित सुकाणूची परीक्षा झाली. हे यंत्र शांत पाण्यात आणि समोरून किंवा बाजूने वारा असताना चोख काम करते, पण वायव्येचा वारा मागून भरला आणि लाटा बोटीचे बूड उचलू लागल्या की ते उशिरा जागे होते. बोट आधी एका बाजूला वळते, मग यंत्र तिला ओढून आणते, आणि हा खेळ वाढत जाऊन मोठे शीड आडवे फिरण्याची वेळ येते. कप्तानाने दाखवलेला उपाय साधा होता. वारा वाढण्याची वाट न पाहता दुपारी एकलाच मोठे शीड एक पट्टी आखडायचे, पुढचे शीड पूर्ण ठेवायचे, आणि मोठ्या शिडाच्या आडव्या दांड्याला पुढच्या बाजूने दोरी बांधून तो एकाएकी फिरणार नाही अशी तजवीज करायची. वेग अर्ध्या नॉटने, म्हणजे तासाला अर्ध्या सागरी मैलाने, कमी होतो आणि यंत्र पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते. जो गडी कमी झाला त्याचे काम शिडाचे क्षेत्रफळ कमी करूनच भागवायचे असते, ही शिकवण मला या सफरीतून मिळालेली सर्वांत उपयोगी शिकवण आहे आणि ती देण्याची कप्तानाची हातोटी वाखाणण्याजोगी आहे. तो कधी सुकाणू हातातून काढून घेत नाही. शेजारी बसून तंबाखू मळत "बघा, आता काय होतंय" एवढेच म्हणतो आणि ते होऊ देतो.

विजयदुर्गला वाघोटन नदीच्या मुखात शिरणे हा स्वतंत्र आनंद आहे. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो आणि भरती पाहूनच आत जावे लागते. येथे तशी आडकाठी नाही, किल्ल्याच्या तटाला वळसा घातला की पाणी एकदम शांत होते. आंग्र्यांनी आपल्या आरमाराचे ठाणे येथे का केले ते नकाशा न पाहताही कळते. खाडीत थोडे आत गिर्येजवळ त्यांच्या काळातली खडकात खोदलेली गोदी आहे, भरतीला गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरड्यावर डागडुजीसाठी मोकळे करायचे. ती पाहायला मला अख्खी दुपार मिळाली. अशीच दुपार हवी असलेली व्यक्ती रत्नागिरीला उतरली होती, आणि गोदीची छायाचित्रे काढून तिला पाठवण्यात मला थोडा संकोच वाटला. मालवणला सिंधुदुर्गाजवळचे खडक चुकवत शिरताना कप्तान घरच्या अंगणात असल्यासारखा होता. तेथून पुढे वेंगुर्ल्याचे खडक, ज्यांवर दीपस्तंभ आहे आणि ज्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, ते आम्ही बाहेरच्या बाजूने ओलांडले आणि आग्वादच्या दीपगृहाखालून मांडवीत शिरलो.

जेवण उत्तम आणि साधे होते. खलाशी बांगड्याचे तिखले आणि कुळथाची पिठी यांत तरबेज आहे, शाकाहारी माणसाची मात्र भात-आमटीवरच बोळवण होते. शौचालयाचा पंप दोनदा अडकला. जीवरक्षक जाकिटे चांगल्या स्थितीत होती, त्यांच्यावर तपासणीच्या तारखा होत्या, रेडिओ दररोज सकाळी तपासला जात असे. केबिनमध्ये सहा फुटांच्या माणसाला ताठ उभे राहता येत नाही, पण या आकाराच्या बोटीकडून ती अपेक्षाही करू नये.

पैशाचा हिशेब असा झाला. मित्राने निम्म्या वाटेवर बोट सोडली, त्याच्या वाट्याचे शिधापाणी, गोव्यातली एका रात्रीची खोली आणि परतीचे विमानतळापर्यंतचे वाहन यांतले काहीही वापरले गेले नाही. यातील एका रुपयाचाही परतावा मिळाला नाही. उलट बदली मदतनिसाचा खर्च मी सोसावा असा एक कागद माझ्याकडे सहीसाठी पाठवला गेला, तो मी सही न करता परत पाठवला. बोटीचे भाडे संपूर्ण घेतले आहे, त्यामुळे माणूस कमी झाला म्हणून बोटीचा खर्च कमी होत नाही, हा कार्यालयाचा युक्तिवाद मला मान्य आहे. न वापरलेल्या खोलीला आणि वाहनाला तो कसा लागू होतो, याचे उत्तर मागूनही आलेले नाही.

तरीही ही सफर घ्यावी का, असे विचारणाऱ्याला मी घ्यावी असेच सांगेन, पण कप्तान तोच असेल आणि करारात तीन गोष्टी आधी लिहून घेता येतील तर. रात्रीचे पल्ले पाहुण्यांच्या संमतीशिवाय होणार नाहीत. मधल्या बंदरात उतरणाऱ्याच्या वाट्याचा जमिनीवरचा खर्च परत मिळेल. आणि प्रत्येक चढ-उताराची नोंद त्याच दिवशी यादीत होईल. यांपैकी कशालाही बोट बदलावी लागत नाही. ज्यांना फक्त चालत राहायचे आहे अशा दोघांनी ही सेवा आजही निर्धास्त घ्यावी. ज्यांतल्या एकाला थांबायचे आहे त्यांनी मुंबई ते गोवा हा अख्खा पल्ला न घेता रत्नागिरी ते मालवण एवढाच तुकडा मागावा, कार्यालय आधी नाही म्हणेल, पण हंगामाच्या शेवटी देते असे कप्तानाने मला सांगितले आहे.

मित्राला राहिलेला टप्पा पुढच्या हंगामात पुरा करायचा आहे, आणि त्याने कार्यालयाला तसे पत्र लिहिले. त्याला नव्या दरांचे पत्रक आले आहे, दर वाढलेले आहेत, आणि मागच्या शिल्लक रकमेचा त्यात उल्लेख नाही. त्याने आता थेट कप्तानाशी बोलणी सुरू केली आहेत.